वेळ वाचतो, पण कोणाचा?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावचा सातबारा उतारा समोर घ्या. मधल्या रकान्यात खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि आकार. त्याला लागून ‘पो.ख.’ आणि ‘फे.फा.’, उजवीकडे कुळ, खंड आणि इतर अधिकार. नावाच्या पुढेमागे कुठे ‘ए.कु.मॅ.’ असते, कुठे ‘अ.पा.क.’, आणि इतर अधिकारांत ‘नि.स.प्र.’ किंवा ‘कु.का.क. ४३’. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला विचारा, यातले काय काय कळते. बहुतेक वेळा उत्तर येते, ‘ते तलाठी भाऊसाहेबांना माहीत.’ जमीन त्याची, सारा तो भरतो, कर्ज त्याच्या डोक्यावर, आणि त्या जमिनीचा सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. चांगला शिकलेला माणूसही याला अपवाद नाही. अक्षरे लागतात, अर्थ लागत नाही.

हे कोणाला फारसे खटकत नाही, कारण त्यामागे एक मत पक्के रुजलेले आहे. दफ्तराची भाषा अशीच असायची, हे ते मत. त्याचे खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. पूर्वपक्ष म्हणतो: रकाना अरुंद, नोंदी शेकडो, लिहिणारा एकटा, पूर्ण शब्द लिहीत बसला तर काम कधी उरकायचे? शिवाय हा कागद जाणकारांसाठी आहे. महसुलातल्या माणसाला, वकिलाला, बँकेच्या अधिकाऱ्याला ही अक्षरे पाठ असतात. वैद्यक, अभियांत्रिकी, विज्ञान, सगळीकडे संक्षेप चालतातच. आणि परंपरेचे म्हणाल, तर लाघव हा शास्त्राचा गुणच मानला गेला आहे. पाणिनीपासून पेशवे दफ्तरापर्यंत सगळे संक्षेपानेच लिहीत आले. ज्याला कळत नसेल त्याने विचारावे, नाहीतर संक्षेपांची एक यादी छापून भिंतीवर लावावी.

यात खरे काही नाही असे मी म्हणणार नाही. पत्राच्या आरंभी ‘स.न.वि.वि.’ लिहिणाऱ्याने कोणाचे काही बिघडवलेले नाही. त्या अक्षरांचा विस्तार ठाऊक नसलेल्या माणसालाही पत्राचा मजकूर पूर्ण कळतो, कारण मजकूर त्यांच्या नंतर सुरू होतो. ‘एसटी’चा विस्तार सांगत बसण्याची कोणाला गरज नाही, तो आता मराठीतला पूर्ण शब्द आहे, आणि विस्तार केला तर उलट कळेनासा होईल. गावात ‘आशाताई’ म्हटले की सगळ्यांना कळते. ‘सातबारा’ हाही मुळात गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड आहे. पण तो संक्षेप लोकांनी स्वतः घडवला आणि स्वतः वापरला. तेव्हा माझे म्हणणे असे: जो संक्षेप त्याच्या विस्तारापेक्षा जास्त लोकांना कळतो, तो शब्द झाला, तो ठेवावा. ज्या संक्षेपावर कोणाचा हक्क, पैसा किंवा प्राण अवलंबून आहे आणि जो त्याच माणसाला कळत नाही, तो लिहिणाऱ्याने कागदावर आणूच नये.

आता ‘ए.कु.मॅ.’ पाहू. याचा विस्तार ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. कुठे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, असेही लिहिलेले सापडते. बाप वारला, मागे तीन भाऊ, जमीन एकत्र. पूर्वी अशा वेळी थोरल्या भावाचे नाव सातबाऱ्याला लावत आणि नावापुढे ही अक्षरे टाकत. धाकट्यांची नावे कधी इतर हक्कांत जात, कधी जातच नसत. बहिणींची तर बहुधा इतर हक्कांतच. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला कारभाराचा अधिकार असतो, पण जमीन त्याच्या एकट्याची नसते. म्हणजे नावापुढची ही अक्षरे सांगतात की हा माणूस इतरांच्या वतीने उभा आहे. धाकट्या भावांचा संपूर्ण हिस्सा त्या अक्षरांत सामावलेला असतो.

हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याचे ठराविक वर्षांनी, साधारण दहा वर्षांनी, पुनर्लेखन होई. पीकपाण्याचे रकाने भरून जात, मग जुन्या पानावरची नावे नव्या पानावर उतरवायची. एका गावात शेकडो पाने. उतरवणारा तलाठी बदलून आलेला, कुटुंबांची माहिती नसलेला. नावापुढे बारीक अक्षरांत, शाई पुसट झालेली, ठिपक्यांनी जोडलेली काही अक्षरे. ती राहून गेली तर नाव पुरेच दिसते. वाक्य मोडत नाही, रकाना रिकामा राहत नाही, कोणाच्या लक्षात येत नाही. ‘कारभारी या नात्याने, भावांसह’ असे शब्द जुन्या पानावर असते तर ते गाळताना हात अडखळला असता. ठिपक्यांची अक्षरे मात्र नावाचीच शेपटी वाटतात, आणि नव्या पानावर थोरला भाऊ एकटा मालक होऊन बसतो.

पुढचे गावोगावी माहीत आहे. वीस-तीस वर्षांनी थोरल्याची मुले जमीन विकायला काढतात. खरेदीदार सातबारा पाहतो, एकच नाव दिसते. धाकट्याची मुले हरकत घेतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे हे खरे. पण ‘उलट सिद्ध’ करण्याचा भार आता धाकट्याच्या घरावर येतो. जुना फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, शोधा, नकला काढा, वकील करा, तारखांना जा. फेरफाराच्या पानावर, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, थोरल्याचे नाव कशासाठी लावले याचा खुलासा बहुधा पूर्ण वाक्यात केलेला असतो. विसरला गेला तो सातबाऱ्यावरचा संक्षेप. पूर्ण वाक्य टिकले, अक्षरे गळाली.

यावर कोणी म्हणेल, दोष नक्कल करणाराचा, संक्षेपाचा काय? मला हे मान्य नाही. दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या टिकायचे असते आणि ते अनेक हातांतून उतरवले जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. थकलेला, नवखा, परगावचा माणूस ते उतरवील हे गृहीत धरूनच लिहिले पाहिजे. पूर्ण शब्दातले एखादे अक्षर चुकले तरी वाचणारा तो शब्द ओळखतो, कारण उरलेली अक्षरे साक्ष देतात. संक्षेपात एकेक अक्षर एकेका शब्दाच्या जागी उभे असते. ते पडले की त्याची साक्ष द्यायला मागे कोणी उरत नाही.

‘अ.पा.क.’ची गोष्ट वेगळी. त्याचा विस्तार ‘अज्ञान पालन कर्ता’. खातेदार वयाने लहान असला की त्याच्या नावाबरोबर आईचे किंवा चुलत्याचे नाव असे लिहितात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणजे हा शेरा मुलाच्या संरक्षणाचा आहे, आणि मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचे काम संपते. पण ज्याला शेऱ्याचा अर्थच माहीत नाही, तो शेरा काढून घेण्याचा अर्ज कशाला करील? म्हणून अज्ञान म्हणून लागलेली माणसे आजी-आजोबा झाली तरी शेरा तसाच राहतो, आणि एक दिवस बँकेत कर्जाचे प्रकरण त्यावर अडते. तिथे ‘हा खातेदार अज्ञान आहे’ असे सरळ लिहिलेले असते, तर घरातल्या शाळकरी मुलानेही बापाला विचारले असते.

‘नि.स.प्र.’ म्हणजे नियंत्रित सत्ता प्रकार. ही जमीन शासनाने अटींवर दिलेली आहे, परवानगीवाचून विकता येत नाही, विकली तर शर्तभंग, आणि शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. आयुष्याची पुंजी घालून जमीन घेणाऱ्यासाठी या कागदावर यापेक्षा मोठी बातमी नाही, आणि ती अशी छापलेली असते की डोळा तिच्यावरून सरकून जातो.

‘कु.का.’बद्दल मात्र जाणकारांनाही विचारले पाहिजे. कुळ कायदा, हे सगळे सांगतील. पण कोणता? पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १९४८ चा, मुंबई राज्याचा. मराठवाड्यात १९५० चा, हैदराबाद संस्थानाच्या भागासाठी केलेला. विदर्भात १९५८ चा, विदर्भ प्रदेशासाठीचा. तिन्हींची कलमे वेगळी. कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचे बंधन १९४८ च्या कायद्यात कलम ४३ मध्ये आहे. त्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या आकारणीच्या, चाळीस पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विक्रीची वाट मोकळी झाली. साताऱ्यात नोकरी केलेला माणूस नांदेडला बदलून गेला आणि त्याने ‘कु.का.’ वाचले, तर त्याच्या मनात जो कायदा येतो तो त्या जमिनीचा कायदा नसतो. ‘जाणकाराला कळते’ या म्हणण्यातला जाणकार कोणत्या जिल्ह्याचा आणि कोणत्या काळातला, हा प्रश्न पूर्वपक्षाने कधी स्वतःला विचारलेलाच नाही.

‘ग.नं.’ आणि ‘स.नं.’ हेही त्यातलेच. जमिनींचे एकत्रीकरण झाले त्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. गट नंबर ४५ आणि सर्व्हे नंबर ४५ या त्या गावात बहुधा दोन निराळ्या जमिनी असतात, कधी गावाच्या दोन टोकांना. जुन्या खरेदीखतात फरक दाखवायला एकच अक्षर असते, आणि कुठे कुठे तेही गाळून नुसते ‘नं.’ लिहिलेले असते. मोजणीवाला बांधावर येतो तेव्हा कळते की कागद एका शेताचा आणि वहिवाट दुसऱ्या शेताची.

जाणकारांच्या युक्तिवादाला सर्वांत चोख उत्तर वैद्यकाने दिले आहे, आणि तिथे तर लिहिणारा, वाचणारा, दोघेही जाणकार असतात. इन्शुलिनची मात्रा युनिटमध्ये लिहितात. ‘युनिट’ऐवजी रोमन लिपीतले ‘यू’ हे एकच अक्षर आकड्याला चिकटून घाईने लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते. दहा युनिटांची शंभर होतात. वाचणारी परिचारिका अडाणी नसते. तिला संक्षेप पाठ असतो, तरी डोळ्यांना शून्यच दिसते. रुग्णालयांचे मूल्यांकन करणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये जे संक्षेप वापरायचेच नाहीत त्यांची यादी लागू केली, आणि हे एकाक्षरी ‘यू’ तिच्यात आहे. ‘एमएस’ही तिच्यात आहे, कारण ते मॉर्फिन सल्फेटही असू शकते आणि मॅग्नेशियम सल्फेटही. ब्रिटनमधले डॉक्टर ज्या औषधसंहितेवर चालतात ती ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी सांगते की औषधांची नावे संक्षेपाने लिहू नयेत आणि ‘युनिट’ व ‘मायक्रोग्रॅम’ हे शब्द पूर्ण लिहावेत. तिथल्याच वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीने २०१८ मध्ये डॉक्टरांना सुचवले की बाह्यरुग्ण तपासणीनंतरचे पत्र थेट रुग्णालाच, त्याला कळेल अशा भाषेत लिहा.

आपल्याकडे २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत दुरुस्ती झाली: औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत. त्यामुळे चर्चा सगळी अक्षराच्या वळणाची झाली. संगणकावर छापलेल्या चिठ्ठीत वळणाचा प्रश्न सुटतो, संक्षेपाचा सुटत नाही. ‘ओडी’ कितीही सुबक छापले तरी एका डॉक्टरच्या लेखी ते दिवसातून एकदा असते आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या लेखी उजवा डोळा असू शकते. याउलट आपल्या गावागावांतले डॉक्टर चिठ्ठीवर ‘१-०-१’ लिहितात, ते पाहा. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. यात एकही शब्द नाही, तरी शेतावर राबणाऱ्या आजीला ते कळते, कारण दिवसाचा क्रम जसा आहे तसाच तो कागदावर मांडलेला आहे. थोडक्यात लिहिण्याला माझा विरोध नाही, हे यावरून लक्षात यावे. थोडक्यात लिहिणे ही विचाराची मेहनत आहे. शब्दांची डोकी छाटून ठिपके देणे ही मेहनत टाळणे आहे.

विज्ञानातले चित्रही पूर्वपक्षाला अनुकूल नाही. एड्रियन बार्नेट आणि झोई डबलडे या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९५० ते २०१९ या काळातल्या शोधनिबंधांची २ कोटी ४० लाखांहून अधिक शीर्षके आणि १ कोटी ८० लाखांहून अधिक सारांश तपासले आणि २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यांना ११ लाखांहून अधिक निरनिराळे संक्षेप सापडले. त्यांतले नियमित वापरात असलेले जेमतेम ०.२ टक्के. सुमारे ७९ टक्के संक्षेप इतक्या अफाट साहित्यात दहा वेळाही आलेले नव्हते. म्हणजे बहुसंख्य संक्षेप ज्याने बनवले त्याच्याखेरीज कोणाचेच नव्हते. तज्ज्ञांची सामाईक भाषा म्हणून ज्याचे समर्थन होते, ती बव्हंशी एकेकट्याची खूण निघाली.

आता पाणिनीकडे वळू, कारण या वादात त्याचे नाव घेऊन प्रतिपक्षाला गप्प करण्याची रीत आहे. अर्ध्या मात्रेची बचत झाली तर वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे परंपरा म्हणते, आणि सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचे व्याकरण बसवणाऱ्याच्या लाघवापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. पण त्याने ते कसे साधले? आधी चौदा सूत्रांत वर्णांचा क्रम ठरवून दिला. मग पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच पादात नियम सांगितला की आरंभीचा वर्ण आणि शेवटची खूण मिळून मधल्या सगळ्या वर्णांचा बोध होतो. म्हणून ‘अच्’ म्हणजे सगळे स्वर आणि ‘हल्’ म्हणजे सगळी व्यंजने, हे कोणाला विचारावे लागत नाही. नियमाने काढता येते. सातबाऱ्यावरचे ‘नि.स.प्र.’ कोणत्या नियमाने काढायचे? शिवाय पाणिनीची अष्टाध्यायी मुखोद्गत करायची होती, शिष्य गुरूसमोर बसून वर्षानुवर्षे ती शिकत होता. शेतकऱ्याने सातबारा मुखोद्गत करायचा नाही.

आणि एवढी काळजी घेऊनही पाणिनीच्या संक्षेपात संशयाला जागा राहिली, हे त्याचे नाव घेणारे सहसा सांगत नाहीत. त्या चौदा सूत्रांत ‘ण्’ ही खूण दोनदा येते, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि पुन्हा सहाव्या सूत्राच्या शेवटी. मग ‘अण्’ म्हटले की पहिल्या ‘ण्’पर्यंतचे वर्ण घ्यायचे की दुसऱ्यापर्यंतचे? परंपरेने ठरवले की एका सूत्रात दुसऱ्यापर्यंत आणि बाकी सर्वत्र पहिल्यापर्यंत. पतंजलीने पाणिनीवरील महाभाष्यात हा संशय मांडला आणि तो व्याख्यानाने, म्हणजे परंपरेने चालत आलेल्या स्पष्टीकरणाने, दूर करायचा असे उत्तर दिले. म्हणजे जगातल्या सर्वांत काटेकोर संक्षेपकर्त्याच्या ग्रंथालाही सविस्तर भाष्याचा आधार लागला, आणि ते भाष्य मराठीत आणताना वासुदेवशास्त्री अभ्यंकरांना अनेक खंड लिहावे लागले. पाणिनीची परंपरा खरोखर पाळायची तर प्रत्येक तलाठ्यामागे एक पतंजली उभा करावा लागेल. शास्त्रग्रंथाच्या लाघवाची फळे त्याच्याबरोबरच्या भाष्यपरंपरेमुळे मिळतात. भाष्य सोडून नुसते लाघव उचलायचे, याला परंपरा म्हणता येत नाही.

मोडी दफ्तराचेही तसेच. त्या पत्रांत चंद्राच्या तारखेसाठी ‘छ’ हे एक अक्षर येते, ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, आणि वर्ष अरबी संख्याशब्दांत. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच दफ्तरात तयार झालेले होते, तेव्हा त्यांचे अडत नव्हते. आज तीच पत्रे वाचायला मोडी शिकावी लागते, संक्षेपांचे कोष्टक जवळ ठेवावे लागते, तारखा जुळवायला जंत्री लागते. इतिहास संशोधक ते आनंदाने करतात, कारण तो त्यांचा अभ्यास आहे. जिवंत माणसाच्या जिवंत हक्काचा कागद त्याच अवस्थेत ठेवणे मात्र अन्याय आहे.

जागेच्या युक्तिवादाला फार वेळ द्यायला नको. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. उतारा संगणकातून निघतो, रकाना लागेल तेवढा वाढतो, पान संपले तर दुसरे निघते. कारण गेले आणि संक्षेप राहिले. हाताने लिहिण्याच्या काळातले ठिपके जसेच्या तसे टंकून आत घेतले गेले.

यादी छापून लावण्याची सूचना वरवर समंजस वाटते. पण यादी कार्यालयाच्या भिंतीवर असते आणि उतारा घरी, बँकेत, मुलाच्या मोबाइलवर, पुण्या-मुंबईच्या वकिलाकडे असतो. शिवाय यादी नेहमी लिहिणाऱ्याचे श्रम वाचवून ते वाचणाऱ्याच्या माथी मारते. एक माणूस एकदा पूर्ण लिहील, तर पुढे पन्नास जण पन्नास वेळा ते सरळ वाचतील. वेळ वाचवायचाच असेल तर तो इथे वाचतो.

खरा जोरदार आक्षेप दुसराच आहे. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असे पूर्ण लिहिले तरी सामान्य माणसाला काय कळणार? ‘नियंत्रित सत्ता प्रकार’ हा तरी कोणत्या घरात बोलला जाणारा शब्द आहे? आक्षेप योग्य आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. नुसता विस्तार पुरेसा नाही. पण विस्तार झाल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. पूर्ण शब्द विचारता येतो, शोधता येतो, शेजाऱ्याला फोनवर वाचून दाखवता येतो. ‘कुटुंब’ हा शब्द दिसला की धाकटा भाऊ थबकतो, ‘नियंत्रित’ दिसला की खरेदीदार थबकतो. आणि पूर्ण लिहायला लागले की लिहिणाऱ्यालाही आपल्याला अर्थ ठाऊक आहे की नाही हे पाहावे लागते. संक्षेप न कळता उतरवता येतो, वाक्य न कळता रचता येत नाही. ‘ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही’ हे वाक्य रचायला महसूल खात्यात माणसे नाहीत, असे मला वाटत नाही.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. संगणकाला आज्ञा देऊन सगळीकडचे ‘कु.का.’ एका फटक्यात ‘कुळ कायदा, १९४८’ करून टाकले, तर मराठवाड्या-विदर्भातले उतारे खोटे होतील. ‘ए.कु.मॅ.’चा विस्तार करताना ज्या उताऱ्यांवरून ती अक्षरे आधीच गळाली आहेत, ते तसेच राहून जातील. म्हणून प्रत्येक विस्तार मूळ फेरफार वाचून झाला पाहिजे. काम मोठे आहे. पण २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम राज्यभर हाती घेतले गेलेच. फेरफार उघडून बसायची सवय यंत्रणेला आहे. त्याच बैठकीत ठिपक्यांचे शब्द करता येतील.

तोवर ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी वाट पाहू नये. आपला सातबारा घ्या, त्यावर ठिपक्यांनी लिहिलेले जे जे आहे त्याखाली रेघ मारा आणि तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, त्याचा अर्थ विचारा. नावापुढच्या फेरफार क्रमांकाची नक्कल काढा. जुने फेरफार अनेक तालुक्यांत स्कॅन करून ठेवलेले आहेत. काढलेली नक्कल घरातल्या सर्वांसमोर, भावा-बहिणींसमोर, मोठ्याने वाचा. फेरफारात जे आहे ते सातबाऱ्यावर उतरलेले नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तो अर्ज लिहिताना एकही संक्षेप वापरू नका.